थकल्याले बसवणारा

२ जानेवारी २०२५, गुरुवार

लेकीने, पुनमने, मोहर्लीहून ही डायरी पाठवली. ती तिथं जंगल सफारीच्या तिकीट खिडकीवर बसते, त्यामुळे डायरीच्या पुठ्ठ्यावर वाघ आहे. माझ्याकडे असा बघतो की खोटं लिहायची सोय नाही.

लिहिण्याचं कारण सासऱ्यांचं आहे. लहानूजी कार्तिकात गेले. त्याआधी आठ दिवस मला खाटेजवळ बसवून म्हणाले, "जावईबापू, नाव घेताना मन कुठी गेलं थे रोज लिहून ठेवा. महिनाभर लिहा. मग लिहायची लाज वाटते अन् मन जागेवर येते." म्हणून ही वही.

गावच्या महादेवाची एकशेआठ नावं आहेत. ती कोणत्याच पोथीत सापडायची नाहीत. आमच्या वाडवडलांनी आपल्या बोलीत ठेवलेली आहेत. वैनगंगेकाठचा, धानाले पाणी देणारा, वाघाले वाट देणारा, मोहाखालचा, हरवलं ढोर आणणारा, अशी. महाशिवरात्रीला देवळात एकजण डोळे मिटून नाव पुकारतो आणि गाव म्हणतं, "ऐक गा महादेवा." समोर वही चालत नाही. मध्ये दुसरा शब्द उच्चारायचा नाही. एक नाव जरी सुटलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. लहानूजींनी हे काम बावन्न वर्षं केलं. त्यांना मुलगा नाही, एकटी भागीरथा. तेव्हा देवळाच्या कमिटीने ठरवलं की गादी जावयाकडे जावी. जावई म्हणजे मी, गुणवंत, वरोऱ्याकडचा, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, सासरच्या गावात येऊन राहिलेला.

अडचण अशी की माझं तोंड आणि माझं मन यांची फारकत होऊन तीस वर्षं झालीत. चंद्रपूर-गडचिरोली गाडीवर मूल, सावली, व्याहाड असं पुकारत असायचो आणि मन कुठंही असायचं. एका म्हातारीला मी सावलीच्या पुढं नेऊन सोडलं होतं, कारण सावली गेल्यावर मी "सावली" म्हणालो. अशा माणसाच्या हाती महादेव दिला आहे.

मन गेलं: चहात. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यात. कमिटीच्या अध्यक्षांनी, नानाजींनी, मला "गुणवंतराव" म्हटलं त्यात.

५ जानेवारी, रविवार

सासऱ्यांच्या वहीवरून पाठ करत होतो. आज पहिल्यांदा वही मिटून छपरीत बसलो. छपरीला लागूनच सैपाकघर. भागीरथा भात मांडून बसली होती. मी नावं घेऊ लागलो तर ती भाताच्या गंजावरचं झाकण वाजवू लागली. टण्ण! आज तीनदा. बाईमाणसाला सकाळी सकाळी झाकण इतकं आपटायचं काय कारण, हे महादेवालाच विचारायला हवं.

म्हणालो, "जरा हळू."

ती म्हणाली, "हळूच वाजवलं जी."

मन गेलं: झाकणात, तीन वेळा. त्यानंतर रागात.

९ जानेवारी, गुरुवार

भागीरथा बोअरिंगवरून पाणी आणायला गेली की हल्ली अर्धा तास लावते. आज बघायला गेलो तर गिरजाबाईच्या घरासमोरच्या दगडावर बसलेली, कळशी शेजारी. म्हटलं, "काऊन बसली? घरी बसाले जागा नाई का?" म्हणे, "दोन मिनिटं दम घेऊन राह्यली." दहा वाजले तरी स्वैपाक नाही. जेवण उशिरा, त्यामुळे दुपारचा सरावही उशिरा. सगळी घडी विस्कटली.

गिरजाबाई दारातून म्हणाली, "जावईबापू, तुमी घ्या ना कळशी." मी घेतली. घेतली हे मुद्दाम लिहून ठेवतो, नाहीतर वाघ म्हणेल घेतली नाही.

मन गेलं: पोटात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पुनम आली. तिळाचे लाडू, हळदीकुंकू, घरात बायकांची ये-जा. सकाळी मात्र वेळ साधून नावं म्हटली. पुनमने मोबाइल शेजारी ठेवून सगळं टेप केलं. "आबाजीचं कोणी टेप केलं नाई बाबा, तुमचं तरी राहू द्या," म्हणाली. मला बरं वाटलं, उगाच का नाही म्हणा. जरा गळा साफ करून सुरुवात केली.

झाकण चार वेळा वाजलं. पाहुणे असतानासुद्धा!

पुनमने आईचे पाय पाहिले. चपलेचे पट्टे रुतले होते. भागीरथा पंधरा दिवसांपासून नवी चप्पल मागते आहे, मला वाटलं सणाची हौस. पुनम म्हणाली, "बाबा, ही सूज आहे. उद्याच्या उद्या डॉक्टरले दाखवा."

मन गेलं: झाकणात चार वेळा, टेपमध्ये माझा आवाज कसा येत असेल यात सतत.

१६ जानेवारी, गुरुवार

सावलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली. बराच वेळ ऐकत बसले. म्हणाले हृदयाची झडप नीट नसावी, चंद्रपूरला नेऊन सोनोग्राफीसारखी तपासणी करा. पायाची सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. "लवकर न्या," म्हणाले. म्हटलं, शिवरात्र झाली की नेतो. भागीरथाही म्हणाली, "होऊ द्या शिवरात्र. मलेबी ऐकाचं आहे."

तिच्या तोंडूनच आलं, म्हणून लिहून ठेवलं.

२२ जानेवारी, बुधवार

आज खटका उडाला. साठाच्या पुढं छान लय लागली होती. मध्येच झाकण. मी डोळे उघडले, लय गेली. सैपाकघरात जाऊन बोललो, नको तेवढं बोललो. "तुले काई समजते का? एवढ्या गावानं मायावर भार टाकला. मले एक तास शांतता देता येत नाई तुले?"

ती चुलीपुढं बसली होती, हातात झाकण. म्हणाली, "ऐका तरी. मी लहान होती ना, बाबा नावं म्हणत तवा मी ताट घेऊन..."

म्हटलं, "बाबाच्या गोष्टी नंतर सांगजो. उद्यापासून मी बसलो का तू मागं सांदवाडीत जाऊन बसत जा."

तिने झाकण गंजावर ठेवलं. यावेळी अजिबात आवाज न करता.

मन गेलं: लिहायला नको.

२३ जानेवारी, गुरुवार

शांत! भागीरथा मागच्या सांदवाडीत सीताफळाखाली जाऊन बसली. भात आधीच करून ठेवला होता. मी एकशेआठ नावं एका दमात म्हटली. नावं संपली तेव्हा वाटलं, एवढंच हवं होतं. आधीच का नाही सांगितलं तिला.

मन गेलं: कुठंच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

बारा दिवस झाले. रोज शांतता. मन जागेवर. लहानूजी म्हणाले होते महिना लागेल, मला तेवढाही लागला नाही. आज नानाजींनी ऐकलं, मान डोलवली, म्हणाले, "लहानूबुवाची गादी चुकीच्या माणसाले नाई गेली."

भागीरथा झाडाखाली बसून पुटपुटत असते. मधेच डोळा उघडला की मागच्या दारातून दिसते, मी नाव घेतो तेव्हा तिचे ओठ हलतात. मधूनच हात वर करते आणि खाली घेते. माश्या असतील. तिकडं शेणाचा खड्डा आहे.

मन गेलं: कुठंच नाही. म्हणजे फक्त नानाजींच्या बोलण्यात.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भागीरथा आडवी झोपत नाही. उशा रचून बसल्या बसल्या झोप काढते. म्हणे आडवं झालं की श्वास पुरत नाही. पुनमचा रोज फोन, "बाबा, नेलं का?" म्हटलं, नऊ दिवस राहिले. दवाखान्यात किती दिवस घालतील सांगता येत नाही, आणि ऐन वेळी माणूस बदलायचा तर दुसरं आहे कोण?

आज मी स्वतः पाणी आणलं, सरपण फोडलं, भातही टाकला. करपला. ती म्हणाली, "करपला तं करपला, वरचा वरचा वाढा."

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

झालं.

देऊळ भरलं होतं. सावलीहूनही लोक आले होते. पोरं मोबाइल उंच धरून उभी. पुनम पुढं बसली होती, तीही टेप करत होती. भागीरथाला गिरजाबाईने धरून आणलं आणि बायकांमध्ये खांबाला टेकून बसवलं. तिच्याजवळ पाण्याचा पितळी गडू होता.

डोळे मिटले. पहिलं नाव घेतलं, गावाने म्हटलं "ऐक गा महादेवा," आणि अंगावर काटा आला. माझ्या आवाजामागून एवढा आवाज येतो हे छपरीत बसून कळत नाही. चाळीस झाली, पन्नास झाली. मग बायकांकडून गडूवर बांगडी वाजली. टण्ण. जरा वेळाने पुन्हा एकदा, आधीपेक्षा जोरात. मी डोळे न उघडताच कपाळाला आठी घातली. सगळ्या गावादेखत! मी आवाज चढवला आणि पुढं गेलो. पुन्हा वाजलं नाही.

शेवटच्या नावाला शंख झाला. नानाजींनी शाल घातली. लोक पाया पडले. तीस वर्षं लोकांनी माझ्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडण केलं, आज तीच माणसं पायाला हात लावत होती. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

घरी येताना भागीरथा गिरजाबाईच्या दगडावर बसली. मीही शेजारी उभा राहिलो. विचारलं, "कसं झालं?"

बराच वेळ श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "आवाज बाबासारखा लागला."

गडूचं मी काही काढलं नाही. सणाचा दिवस होता.

मन गेलं: कुठंच नाही. देवाशपथ कुठंच नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

भागीरथा म्हणते, "एकदा घरी म्हणा ना पुरी नावं. मायासाठी. मी इथंच बसतो तुमच्या समोर."

म्हटलं, "आताच तं झाली. घसा बसला माया. आता पुढच्या वर्षी."

तिने मान हलवली.

८ मार्च, शनिवार

चंद्रपूर. पहाटे तिचे ओठ निळे दिसले, गाडी करून आणलं. तपासणीत झडप फारच आवळलेली निघाली. डॉक्टर म्हणाले दोन महिन्यांपूर्वी आला असता तर नागपूरला पाठवलं असतं. माझ्याशी नीट बोलले, ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुनम आली. सगळं डॉक्टरांनाच विचारलं, मला नाही.

११ मार्च, मंगळवार

तोंडावर ऑक्सिजन. बोलता येत नाही. नर्स म्हणाली, "जवळ बसून देवाचं नाव घ्या आबा, त्यांना बरं वाटेल." मी कानाशी वाकून सुरुवात केली. तिने डोळे उघडले. किती दिवसांनी माझ्याकडे अशी टक लावून पाहत होती. मला वाटलं, ओळखते आहे, ऐकते आहे.

साठाच्या आसपास तिचं बोट पलंगाच्या लोखंडी दांड्यावर वाजलं. अंगठी होती बोटात. परत वाजलं. बेचैन झाली असेल म्हणून मी तिचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला आणि नावं पुरी केली. हात थंड होता. शेवटपर्यंत धरला होता.

१३ मार्च

काल सकाळी भागीरथा गेली.

२४ मार्च, सोमवार

तेरवी झाली. पानं उठली. बायका भांडी घासत होत्या, मी एका कडेला बसलो होतो. गिरजाबाई हात पुसत आली आणि खाली बसली. ती भागीरथापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, दोघी एकाच आळीत वाढल्या.

म्हणाली, "जावईबापू, भागी सात वर्षांची होती तवापासून लहानूबुवापुढं ताट घेऊन बसे. बुवा डोये मिटून नावं म्हणे अन् ही ऐके. नाव सुटलं का ताटावर टिचकी मारे. मधात बोलाची मनाई, म्हणून टिचकी. बुवा लगेच मागं येऊन थे नाव घे. लगन झाल्यावरबी दर शिवरात्रीच्या आधी माहेरी येऊन बापाले बसवे. तुमाले तं माहीतच असन."

मला माहीत नव्हतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. दर माघात ती माहेरी यायची, मला वाटायचं आईच्या आठवणीने जाते. तिला गाडीत बसवून मी ड्यूटीवर जायचो.

गिरजाबाई उठताना म्हणाली, "गादी खरं तं तिचीच होती. पण बाईले देवळात कोण बसवते? आमीच सगळ्यायनं म्हणलं, जावायाले द्या. तिनंबी म्हणलं, द्या त्यायले, मी घरी पाहून घेईन."

मी घरी पाहून घेईन, असं म्हणाली होती.

२८ मार्च, शुक्रवार

घरात तिचा कुठलाच आवाज उरला नाही. पुनमला फोन करून म्हटलं, संक्रांतीचं टेप पाठव. नावं ऐकायला नव्हतं हवं. तिच्या हातचं काहीतरी वाजलेलं ऐकायचं होतं.

सकाळी छपरीत बसून लावलं. माझा गळा साफ केलेला आवाज. मागं बांगड्या, चुलीत फुंकर, खोकला. मग झाकण. टण्ण.

ताटाची गोष्ट डोक्यात होती. उठून सासऱ्यांची वही आणली आणि बोट ठेवत टेप पुन्हा पहिल्यापासून लावलं. मी म्हणतो "मोहाखालचा," आणि पुढं म्हणतो "हरवलं ढोर आणणारा." वहीत मधे आणखी एक नाव आहे. झाकण नेमकं तिथं वाजतं. असं चारदा. चार झाकणं, चार सुटलेली नावं. एकही झाकण उगाच वाजलेलं नाही.

मग शिवरात्रीचं लावलं, तेही पुनमने सोबत पाठवलं होतं. पुनमच्याच आवाजातलं काहीतरी आधी चुकून लागलं. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ बरोबर. एकसष्टावं नाव मी घेतलंच नाही. गडू वाजतो. मी पुढं जातो. गडू पुन्हा जोरात वाजतो. मी आवाज चढवतो. अख्खं गाव म्हणतं, "ऐक गा महादेवा." त्यानंतर गडू वाजत नाही.

एकसष्टावं नाव सासऱ्यांच्या वहीत शाईने, गोल अक्षरात लिहिलं आहे. थकल्याले बसवणारा.

दवाखान्यातही साठाच्या आसपास. मी तिचा हात धरून ठेवला होता.

या डायरीची मागची पानं वाचली. तीन ठिकाणी लिहिलंय, मन कुठंच नाही गेलं. नावं घेताना मी माझाच आवाज ऐकत होतो. ती नावं ऐकत होती. घरात नावं घेणारी तीच एक होती आणि मी तिला शेणाच्या खड्ड्याशेजारी नेऊन बसवलं. भागीरथा, मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ही वही तू वाचू शकत नाहीस. तुला वाचता कधीच येत नव्हतं. सगळी पाठ होती तुला.

३० मार्च, रविवार. पाडवा

नानाजींकडे गेलो. सांगितलं, शिवरात्रीला एकसष्टावं नाव सुटलं, नियमाने पुन्हा पहिल्यापासून घ्यायला हवं.

नानाजी गुढीला साखरेची माळ बांधत होते. म्हणाले, "जाऊ द्या ना गुणवंतराव. एवढा दुखवटा झाला तुमच्या घरी. झालं थे झालं. गावात कोणालेच समजलं नाई."

म्हटलं, "एकीले समजलं होतं."

त्यांनी माळेची गाठ पक्की केली. मग म्हणाले, "पुढच्या सोमवारी उघडतो देऊळ."

७ एप्रिल, सोमवार

सकाळी देवळात माझ्याखेरीज सात जण होते. नानाजी, गिरजाबाई, पुनम, आणखी चौघे. शाल मी परत नेऊन दिली, नानाजींनी ती घडी करून पिंडीसमोर ठेवली. मी सांगितलं की आधी नाव सुटलं होतं, ते कसं सुटलं आणि कोणी दाखवून दिलं होतं. एवढं बोलायला मला आख्खी शिवरात्र म्हणण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पुनम मांडीवर आबाजींची वही आणि पुढ्यात जेवणाचं ताट घेऊन बसली. नानाजींनी ताटाकडे पाहिलं आणि थोडे सरकून बसले. पुनम अजून माझ्याशी तुटकच बोलते. पण ती आली.

डोळे मिटले. प्रत्येक नावानंतर कान ताटाकडे. साठ झालं. एकसष्टावं नाव घेतलं, थकल्याले बसवणारा. पुढचं येईना. सातही जण थांबले. कोणी घाई केली नाही. गिरजाबाईचा एकटीचाच आवाज आला, "ऐक गा महादेवा." मग पुढं गेलो.

एकशेआठ झाली. ताट एकदाही वाजलं नाही. पुनमने वही मिटली, म्हणाली, "सगळी झाली बाबा." येताना त्या दगडावर मी बसलो. थोडा वेळ तीही बसली.

दुपारची गाडी धरून ती मोहर्लीला गेली. मी घरी आलो. भाताचा गंज चुलीवर ठेवला, त्यावर झाकण ठेवलं. छपरीत आपल्या जागी बसून पुन्हा नावं सुरू केली, फक्त घरासाठी, ती म्हणाली होती तशी. साठावं घेतलं. एकसष्टावं मुद्दाम सोडलं, बासष्टावं घेतलं आणि थांबलो.

बराच वेळ थांबलो. भात शिजला, वाफेने झाकण थोडं हललं, पण वाजलं नाही.

मग नियमाप्रमाणे पहिल्यापासून सुरुवात केली.